प्रकल्प नोंदी: खिशातला चाकू, पोळा ते संक्रांत

१० ऑगस्ट २०२५

चोपडा तालुक्यात, तापीच्या उत्तरेला आमची शेती आहे. केळी, कापूस, बांधावर बोरी, दारात लिंबू. शेतात विळा, खुरपं, कोयता आहे. घरात विळी आणि सुरी आहे. तरी दिवसभरात कितीतरी बारीक कामं अशी निघतात की त्यांच्यासाठी कुणी घरी जात नाही. सुतळी दातानं तोडतात, गोणीचं तोंड ओढून फाडतात, ठिबकची नळी विळ्यानं कशीबशी कापतात आणि मग जोड हंगामभर गळत राहतो. या कामांसाठी घडीचा एक चाकू कायम अंगावर ठेवायचा आणि पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत त्यानं काय होतं, काय होत नाही ते लिहीत जायचं, असं ठरवलंय. अनुभव येईल तसे चाकूत बदल करायचे आणि शेवटी कामावरच्या बायांसाठी दुसरा तयार करायचा.

हातातला चाकू: एकच पातं, लांबी साडेसात सेंटिमीटर, पाठ अडीच मिलिमीटर जाड. पोलाद साधं, गंजणारं. उघडायला पात्यावर नखाची खाच. कुलूप नाही. मुठीच्या पाठीतली कमान पात्याच्या बुडावर दाबून बसते, तेवढ्यावरच पातं उघडं राहतं. त्यामुळे या चाकूनं भोसकायचं नाही, उचकटायचं नाही, डब्याचं झाकण उघडायचं नाही. जोर नेहमी धारेच्या बाजूनं. पात्याच्या पाठीवर जोर पडला की ते बोटांवर मिटतं. घरातल्या मुलांना चाकू देण्याआधी एवढं एक पक्कं सांगितलंय.

दोष दोन. मुठीच्या लाकडी पट्ट्या तडकल्यात आणि धार गोल झालीय. कमान मात्र खणखणीत आहे, मिटताना ‘टक’ असा स्वच्छ आवाज येतो.

१४ ऑगस्ट

मूठ. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, जुन्या मोडक्या वखराचं लाकूड काढून दिलं. अंजन. सातपुड्याच्या पायथ्याशी ही झाडं आहेत. लाकूड तांबूस काळपट आणि इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. आबा म्हणाले, “अंजन शे ते, घाई करू नको.” खरंच होतं. ड्रिल जरा जोरात दाबलं की भोकातून धूर येतो. थांबत थांबत, भुसा बाहेर काढत ३ मिलिमीटरची भोकं पाडली.

पितळी सळईचे तुकडे भोकांतून घालून दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर बाहेर ठेवले आणि गोल तोंडाच्या छोट्या हातोडीनं हलके ठोके देत डोकी पसरवली. मोठा ठोका दिला तर लाकूड फाटतं. अंजनासारखं कठीण लाकूड तर सरळ रेषेत चिरतं. मग पॉलिश पेपर, आणि वरून जवसाचं तेल. हे तेल कपड्यानं चोळून जिरवलं आणि जादाचं पुसून घेतलं. पुसलेला फडका चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेला फडका आपोआप पेट घेऊ शकतो. मी तो दोरीवर मोकळा वाळत घातला.

१८ ऑगस्ट

धार. दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड, आधी खरखरीत बाजू, मग बारीक. पात्याच्या कडेला काळ्या मार्करची रेघ मारून दगडावर एकदा ओढायचं आणि बघायचं, शाई कुठली गेली. पाठीकडची गेली तर पातं जास्त आडवं धरलंय, धारेकडची गेली तर जास्त उभं. एका बाजूनं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला नखाला लागेल अशी बारीक खरखर येते. ती बुडापासून टोकापर्यंत सलग आली की बाजू बदलायची. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेनं ओढून ती खरखर काढली.

कोन दर बाजूला २० अंशांच्या आसपास ठेवलाय. यापेक्षा बारीक केली तर भाजी सुरेख चिरली जाईल, पण बाभळीच्या फांदीवर धार मुडपेल.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. आज खांदेमळणी आणि बैलांची शिंगं साळायची होती. चाकूचं पातं शिंगावर काटकोनात धरून बुडाकडून शेंड्याकडे खरवडत आणायचं. कापायचं नाही, नुसतं खरवडायचं. पांढरट भुरभुरीत पापुद्रे निघतात आणि खालून गुळगुळीत शिंग वर येतं, त्यावर रंग नीट धरतो. यानं धार लवकर मरते हे मान्य करूनच हे काम घ्यावं.

जुनी वेसण कापताना मात्र सगळं लक्ष हातावर. एकानं म्होरकी घट्ट धरायची, दुसऱ्यानं पात्याची बोथट पाठ बैलाच्या गालाकडे आणि धार बाहेरच्या बाजूला करून दोरीखाली सरकवायची, आणि बाहेरच्या दिशेनं एकच ओढ. बैलानं मान झटकली तरी त्याला पाठ लागते, धार लागत नाही. लांब सुरा किंवा विळा इथं धोक्याचा. साडेसात सेंटिमीटरचं पातं मुठीजवळ राहतं, म्हणून हाताच्या ताब्यात राहतं.

नवी दावी नायलॉनची. कापलेलं टोक उसवू नये म्हणून दीर पातंच चुलीत तापवायला निघाला होता, त्याला थांबवलं. पातं निळं पडेपर्यंत तापलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. आधी कापायचं, मग टोकाला काडी लावायची.

२५ ऑगस्ट

आजची नोंद मोठी होणार. या चाकूचं सगळ्यात नाजूक काम आज झालं.

बांधावरच्या गावठी बोरी उन्हाळ्यात बुडाजवळ छाटल्या होत्या. पावसानं त्यांना पेन्सिलीएवढ्या जाडीचे सरळ फुटवे आलेत. त्यांवर मेहरूणच्या बोराचे डोळे भरायचे, म्हणजे त्या बोरीच्या फांदीवरचा डोळा सालीसकट काढून या फुटव्याच्या सालीखाली बसवायचा. जळगावजवळच्या मेहरूणचं बोर ज्यानं खाल्लंय त्याला हे का करायचं ते सांगावं लागत नाही.

चालू वर्षाच्या निरोगी फांदीवरची पानं कापली, पण देठ ठेवले. देठ धरूनच डोळा उचलायचा असतो, बोटाचा घाम आतल्या बाजूला लागू द्यायचा नाही. फांद्या ओल्या गोणपाटात. फुटव्याच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद: आधी आडवा, मग त्याच्या मध्यातून खाली उभा. फक्त साल कापायची, लाकडाला पातं टेकलं की थांबायचं. पाऊस चांगला झाला की साल लाकडापासून सहज सुटते, कड उचलली की आत ओलसर, चकचकीत हिरवट लाकूड दिसतं. न सुटणाऱ्या फांदीवर वेळ घालवू नये. साल उचलायला पात्याचं टोक वापरलं तर ती फाटते. बांबूची गुळगुळीत चोई बरी.

मग डोळा. डोळ्याच्या खाली सव्वा सेंटिमीटरवर पातं टेकवायचं आणि एका दमात वर ओढत डोळ्याच्या वर तेवढ्याच अंतरावर बाहेर काढायचं. करवतल्यासारखं मागं-पुढं केलं की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि डोळा सालीखाली सपाट बसत नाही. मधे हवा राहते, डोळा वाळतो. इथंच या चाकूची मर्यादा कळली. दोन्ही बाजूंनी धार लावलेलं पातं लाकडात शिरताना किंचित वळतं आणि काप मधे खोलगट होतो. कलमाच्या चाकूला एकाच बाजूनं उतार आणि दुसरी बाजू सपाट का ठेवतात ते आज हाताला समजलं. दुसरा चाकू तसाच करायचा.

डोळा सरकवून वरून प्लास्टिकची पट्टी खालून वर गुंडाळली, डोळा उघडा ठेवला. प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. ब्लीचिंगचं पाणी साध्या पोलादाला खातं, ते या चाकूला वापरायचं नाही.

२ सप्टेंबर

गणपतीला पुण्याहून भाचा आलाय. त्याच्याकडे फ्रेंच बनावटीचा ओपिनेल आहे, ८ नंबरचा, पातं साडेआठ सेंटिमीटर. जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये फ्रान्सच्या सावोय भागात, आल्प्सच्या डोंगरात हा चाकू पहिल्यांदा केला, तोही शेतकऱ्यांच्याच हातासाठी. बीचच्या लाकडाची गोल मूठ आणि तोंडाशी फिरणारं कडं. कडं १९५५ पासूनचं. फिरवलं की पातं मिटत नाही. ही सोय मला मनापासून आवडली. पातंही फार पातळ, काकडी चिरायला आमच्यापेक्षा सरस.

पण आपल्या पावसाळ्यात बीचचं लाकूड फुगलं आणि पातं मुठीत अडकून बसलं. नखं दुखावून उघडावं लागलं. आमच्या चाकूत पात्याच्या दोन्ही बाजूंना पितळी पत्रे आहेत, लाकूड फुगलं तरी पात्याला लागत नाही. चिखलाच्या दिवसांत मला ही बांधणी पटते.

९ सप्टेंबर

निंदणीत खुरपं लागून ठिबकची १६ मिलिमीटरची नळी तुटली होती. असं होतच असतं. नळी आधी पुसून घ्यायची. प्लास्टिकनं धार जात नाही, नळीवरच्या वाळूनं जाते. अंगठ्यावर ओढून कापू नये. नळी फळीच्या तुकड्यावर ठेवून पातं फिरवत सरळ काटकोनात छेद घ्यायचा. तिरका काप असला की जॉइनर एका बाजूनं पूर्ण बसतो, दुसऱ्या बाजूनं नाही, आणि खताचं पाणी सोडलं की नेमकं तिथंच डबकं होतं. विळ्यानं असा छेद येत नाही.

पीव्हीसी पाइप या चाकूनं कापायचा नाही, त्याला आरी. पण आरीनं कापल्यावर कडेला आत-बाहेर खरखर राहते, ती चाकूनं साफ करून मगच सोल्युशन लावावं.

१६ सप्टेंबर

डोळे पाहिले. देठाला नुसतं बोट लावलं आणि तो अलगद गळून पडला तर डोळा लागला. देठ वाळून तिथंच चिकटून बसला असेल तर गेला. बहुतेक लागलेत. गेलेले सगळे जाड फुटव्यांवरचे आहेत. लागलेल्यांच्या पट्ट्या सोडल्या.

त्याच फेरीत केळीत. घडाची शेवटची फणी उघडून झाली की खालचं केळफूल काढतात. चाकूनं काढलं तर काप स्वच्छ येतो, पण घडाकडे तोंड करून उभं राहू नये. चीक ओघळतो आणि कपड्यावर पडलेला डाग जन्मभर जात नाही. पात्यावर तर दहा मिनिटांत काळी छटा येते. तिला घाबरायचं कारण नाही. लिंबू, कैरी, कांदा, केळीचा चीक यांनी साध्या पोलादावर राखाडी-निळसर थर येतो आणि तो थर पुढच्या गंजाला थोडा अडवतो. लाल गंज वेगळा, तो दिसला की लगेच घासून काढायचा. सुकलेला चीक खरवडू नये, तेलाच्या बोटानं चोळला की सुटतो. केळफुलाची भाजी रात्री झाली.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. विळे, खुरपी, पान्हे, फवारणीचा पंप यांच्या रांगेत चाकूही पुजला. ओलं हळदकुंकू पात्यावर रात्रभर ठेवलं तर सकाळी गंजाचे ठिपके दिसतात, म्हणून आरतीनंतर पुसून तेलाचा हात दिला.

बायांनी विचारलं, पोलीस धरतील का? शस्त्र नियमांत परवान्याची अट ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याला आहे, आणि त्यातूनही घरगुती आणि शेतीची अवजारं वगळली आहेत. आपलं पातं ३ इंच. तरी सणावाराला किंवा निवडणुकीच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो आणि त्यात चाकू-सुरेही येतात. तेव्हा आणि मिरवणूक, सभा, कोर्टाच्या आवारात चाकू घरीच ठेवायचा. विमानात हातातल्या पिशवीत तर कधीच नाही. चाकू अवजार म्हणून बाळगायचा असेल तर तो जिथं अवजार नाही तिथं नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांसमोर तो उघडून फिरवणंही मला खपत नाही.

२८ ऑक्टोबर

कापूस वेचणी. वेचताना बाया साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, नाहीतर बोंडांच्या वाळलेल्या नख्यांनी हात ओरबाडून निघतात. माझाही तसाच. पण शर्टाचा खिसा छातीवर असतो आणि वेचणीत दिवसभर वाकायचं असतं, त्यात चाकू ठरत नाही. म्हणून दोन गोष्टी केल्या. मुठीच्या बुडाला भोक पाडून सुती गोफ ओवला आणि शर्टाच्या आतून, कमरेच्या थोडं वर, चाकूच्या मापाचा उभा खिसा शिवला. गोफाचं दुसरं टोक काजात. चाकू सुटला तरी जमिनीवर पडत नाही, आणि कापसात हरवत नाही. जिनिंगला जाणाऱ्या कापसात लोखंड गेलं तर यंत्रात ठिणगी पडून आग लागू शकते, तेव्हा ही दोरी हौसेची नाही.

दिवसाची कामं: ओटीच्या झोळीची गाठ, सकाळी बाभळीचं दातवण, गाठोड्याची सुतळी, पेरूच्या फोडी.

१२ नोव्हेंबर

हरभऱ्याची पेरणी, खताच्या गोण्या. गोणीचं तोंड साखळी टाक्यानं शिवलेलं असतं. योग्य टोकाची गाठ चाकूच्या टोकानं फक्त उचलून कापायची आणि धागा ओढायचा. सगळी शिवण एका ओढीत सुटते. युरियाची ४५ किलोची गोणी अशी उघडली की पुढं धान्याला नाही, पण शेणखत आणि चारा भरायला धड राहते.

मोटारीच्या वायरीचं टोक जळालं होतं. आधी स्टार्टर बंद, मग खांबावरचा फ्यूज काढून खिशात. अंजनाची मूठ असली तरी पितळी खिळे आरपार आहेत, चालू वायरीला हा चाकू लावायचा नाही. पेन्सिलीला टोक करतो तसं पातं तिरपं धरून वरचं प्लास्टिक काढायचं. गोल फिरवून कापलं तर तांब्याच्या तारेला खाच पडते आणि तार पुढं तिथंच तुटते.

२० नोव्हेंबर

दुसऱ्या चाकूचं पातं. गावच्या लोहारदादांकडे ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा नेला. कमानपाट्याचं पोलाद मुळातच लवचिक आणि पाणी धरणारं, विळे-कोयते त्याचेच होतात. दादांनी ठोकून पातळ केलं, मी कानसेनं आकार दिला. पाणी द्यायची वेळ ते रंगावरून ओळखतात. मी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक नेलं होतं. ७७० अंशांच्या आसपास पोलादाला चुंबक लागेनासं होतं. दादांनी “आते” म्हटलं आणि मी चुंबक लावलं, तर खरंच चिकटलं नाही. अजून किंचित तापवून तेलात बुडवलं. पाण्यात नाही, पातळ पातं पाण्यात तडकतं.

कानस लावून पाहिली, घसरून गेली. म्हणजे पाणी चढलं. पण या अवस्थेत पातं काचेइतकं ठिसूळ असतं. एक बाजू घासून उजळली आणि पाठीकडून हळूहळू तापवली. उजळ पोलादावर आधी फिकट पिवळा, मग गव्हाळ सोनेरी रंग सरकत येतो. धारेपर्यंत सोनेरी आला की लगेच थांबायचं. हे पाहायला सावली हवी, उन्हात रंग दिसत नाही. दादा म्हणाले, “ताई, हाई रंग सोडा नई.” तो रंग डोळ्यांत बसेपर्यंत मी तिथून हलले नाही.

५ डिसेंबर

सारंगखेड्याची यात्रा, तापीच्या काठी. काल दत्तजयंती होती. घोड्यांचा बाजार भरलाय. एका घोडेवाल्याच्या लगामाचा कातडी पट्टा बक्कलपाशी फाटला होता. चाकूनं फाटकं टोक सरळ केलं आणि पात्याच्या टोकानं गोल फिरवत नवं भोक पाडलं. टोक फिरवताना पातं मिटण्याच्या बाजूला जोर येतो, म्हणून अंगठा पाठीवर न ठेवता मूठ बाजूंनी धरली. खरं तर या कामाला चांभाराची टोचायची आरीच हवी. कातडं नियमित लागत असेल त्यानं आरी असलेला दोन पात्यांचा चाकू घ्यावा.

२१ डिसेंबर

केळीच्या मळ्यात भरीत. हिरवी, पांढरट भरताची वांगी, कापसाच्या वाळक्या काड्यांचा जाळ. वांग्याला चाकूनं दोन-तीन जागी टोचून घ्यायचं, नाहीतर ते जाळात फुटतं. टोचलेल्या जागी कीड आहे का तेही कळतं. भाजलेल्या वांग्याची साल चाकूनं काढू नये, बोटांनीच निघते. मिरची, लसूण, कांद्याची पात सगळं याच पात्यावर. सोबत कळण्याच्या पुऱ्या.

थंडी बरीच आहे. सांध्याला खोबरेल घालत होते, ते रात्री गोठतं आणि सकाळी पातं जड उघडतं. शेंगदाण्याचं तेल गोठत नाही, पण महिन्याभरात चिकट होऊन धूळ धरतं. आता सांध्यात शिलाई मशीनचं तेल, एकच थेंब, आणि खाण्याचं चिरायच्या आधी पातं पुसायचं. पात्याला मात्र खोबरेलच.

१४ जानेवारी २०२६

संक्रांत. बोरं, उसाची कांडी. ऊस सोलायला चाकू चालतो, पण पेराच्या गाठीवर जोर लावला की पातं अडकतं. गाठ कोयत्यानं तोडावी आणि मधलं कांडं चाकूनं सोलावं.

दुसरा चाकू झाला. पातं सात सेंटिमीटर, पाठ दोन मिलिमीटर, उजव्या हातासाठी एकाच बाजूनं उतार. मूठ अंजनाचीच, पण पहिल्यापेक्षा बारीक, कारण बायांचे पंजे लहान आणि चाकू उघडताना मूठ चिमटीत धरावी लागते. नखाची खाच खोल केली. निंदणी करणाऱ्या हातांना नखं कुठून असणार! कमान थोडी मऊ ठेवली. गोफ लाल, काळ्या मातीत दिसावा म्हणून.

मुकादम बाईंना दिला. फुकट घेईनात, एक रुपया ठेवला हातावर. लगेच त्यांनी पडलेल्या घडाच्या चांगल्या फण्या कापून घेतल्या आणि चीक पदराला न पुसता पाल्याला पुसला. त्यांचं एकच म्हणणं: गोफ आखूड आहे, हात लांबवला की ओढ बसते. बरोबर आहे. गोफ एक वीत वाढवायचा, आणि जूनमध्ये डोळे भरायच्या आधी सपाट बाजू पुन्हा बारीक दगडावर घ्यायची.